एका पॅकेटने आडवा होणारा सर्व्हर

रावेरच्या केळीच्या वखारीत मोबाइलवर भाव उघडत नाहीत. केबल-इंटरनेटवाल्याला फोन जातो, "नेट बंद पडनं, भो!" पण ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग (पोचतंय का, याची चाचणी) व्यवस्थित लागतो. म्हणजे वायर शाबूत, राउटरही शाबूत. गप्प बसलाय तो केबलवाल्याचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा.

त्याला गप्प करायला दरवेळी पॅकेटांचा, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांचा, पूर लागत नाही. बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरमधला सीव्हीई-२०१५-५४७७ हा दोष २८ जुलै २०१५ ला जाहीर झाला. त्याला एकच यूडीपी पॅकेट पुरायचं.

दोष होता टीकीच्या हाताळणीत. टीकी म्हणजे दोन यंत्रांनी आपसात गुप्त किल्ली ठरवायची सोय. छोट्या नेटवर्कमध्ये ती सहसा कोणी वापरतही नाही. टीकीची विनंती आली की बाइंड ती नोंद आधी पॅकेटच्या 'अॅडिशनल' भागात शोधतो, नाही मिळाली तर 'आन्सर' भागात. शोधणाऱ्या फंक्शनची अट एकच: निकाल ठेवायचा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता धरणारा चल) रिकामा हवा. हल्लेखोर पहिल्या भागात नाव बरोबर, पण प्रकार भलताच, अशी नोंद घालतो. नाव सापडल्यामुळे पॉइंटर भरतो, टीकी मात्र सापडत नाही. मग तोच भरलेला पॉइंटर घेऊन दुसरा शोध सुरू होतो, म्हणजे भरल्या पायलीत पुन्हा दादर ज्वारी ओतण्याचा प्रकार. अट मोडते आणि नेमडी ही बाइंडची मुख्य प्रोसेस स्वतःच बंद पडते. गोंधळलेल्या मेमरीवर काम रेटण्यापेक्षा थांबणं बरंच. पण तो खटका बाहेरच्या कोणाच्याही हाती असू नये. दुरुस्ती काय, तर पॉइंटर पुन्हा रिकामा करणारी एक ओळ!

फक्त आपल्याच ग्राहकांना उत्तर द्यायचं, असा एसीएल (कोणाला परवानगी, याची यादी) लावूनही उपयोग नव्हता, कारण ती तपासणी होण्याआधीच प्रोसेस पडते. लिनक्समध्ये सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमडीने ती आपोआप उठवली तरी कॅशे (साठवून ठेवलेली उत्तरं) रिकामी होते आणि पुढचं पॅकेट तिला पुन्हा पाडतं.

९.१.० पासूनच्या आवृत्त्यांत हा दोष होता, तो ९.९.७-पी२ आणि ९.१०.२-पी३ मध्ये बुजवला. डेबियन-उबुंटू हे लिनक्सवाले आवृत्तीच्या जुन्याच आकड्यावर पॅच चढवतात, म्हणून नुसत्या आकड्यावर न जाता पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) वाचावा. अपडेटनंतर सर्व्हिस रीस्टार्ट झाली का, तेही पाहावं. नाहीतर डिस्कवर नवी फाइल आणि मेमरीत जुनीच प्रोसेस. 'आरएनडीसी स्टेटस' ही बाइंडची कमांड चालू प्रोसेसची आवृत्ती दाखवते. ग्राहकांना दुसरा डीएनएस द्यायचा तर तो बाइंडचाच न देता अनबाउंड या वेगळ्या डीएनएस सॉफ्टवेअरचा द्यावा.