आवड आणि ध्यास

सीईटीचा निकाल लागला की ऑप्शन फॉर्म भरायला आलेल्या मुलांपैकी कोणीतरी दरवर्षी विचारतंच, "सर, माझं पॅशन काय तेच कळत नाही, मग ब्रँच कुठली टाकू?" यंदा एक मुलगी पहिला रकाना कोरा ठेवून अर्धा तास बसून होती. डोळे भरून आले होते तिचे.

या एका शब्दात दोन गोष्टींची गल्लत होते. आवड वेगळी, ध्यास वेगळा. आवड म्हणजे आपल्याला काय भावतं, कशात गती आहे. ती सतराव्या-अठराव्या वर्षी बऱ्यापैकी कळते आणि शाखा निवडायला तेवढी पुरते. ध्यासात मात्र दुसरं माणूस असतं. कोणाचं तरी दुःख आपल्याला स्वस्थ बसू देत नाही, तिथून तो सुरू होतो.

धोंडो केशव कर्व्यांचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. त्यांची आवड गणित. १८८४ साली एल्फिन्स्टनमधून ते गणित घेऊन बी.ए. झाले आणि १८९१ साली गोखल्यांच्या बोलावण्यावरून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई वारल्या. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं आणि १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं. मुरुड गावाने बहिष्कार टाकला. १८९६ साली विधवांसाठी आश्रम निघाला, पुढे तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचं आणि संध्याकाळी आश्रमासाठी लागणारं सामान घेऊन चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचं, असा त्यांचा क्रम होता.

त्यांच्या पदवीत विधवांच्या शिक्षणाचं नावही नव्हतं. पण गणिताच्या पगारावर घर चाललं, म्हणून हे काम तगलं. आवडीने पोट भरावं आणि ध्यासाने संध्याकाळ भरावी, यात कमीपणा कसला? मुलांना हे कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

कलचाचणी आवड दाखवेल, ध्यास नाही. तो माणसांत गेल्यावर लागतो. बंग दांपत्याच्या गडचिरोलीतल्या संस्थेने २००६ साली सुरू केलेला 'निर्माण' उपक्रम तरुणांना शिबिरांतून थेट समाजाच्या प्रश्नांसमोर उभं करतो, ते मला म्हणूनच पटतं.

त्या मुलीला मी इतकंच म्हणालो, "बाळ, जे जमतं आणि आवडतं ते पहिल्या रकान्यात टाक. बाकीचं आज ठरायलाच हवं असं नाही." कर्वे १९१४ साली फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि महिला विद्यापीठ निघालं १९१६ मध्ये. तेव्हा त्यांचं वय ५८ होतं.