दुपारची नीज आणि रात्रीचं जागरण: गोव्यातल्या लहानग्यांच्या झोपेची पार्श्वभूमी

एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३. डॉक्टर सांगतात ते हे आकडे २०१६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने दिले आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच धरले. यात दुपारची झोपही मोजलेली आहे, हे मात्र घरोघरी विसरलं जातं. मग ‘रात्री नऊच तास झोपतो’ म्हणून आई उगाच घोर लावून घेते.

मुलाला ‘शिस्तीत’ झोपवण्याच्या सल्ल्याचं मूळ गोव्यापासून फार दूर आहे. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ एल. एमेट होल्ट यांनी १८९४ मध्ये आयांना बजावलं होतं की मुलाला झुलवून झोपवायची सवय निरुपयोगी, प्रसंगी अपायकारकही. आदोळीवर नारळ खवता खवता दुसऱ्या हाताने झोळीची दोरी ओढणाऱ्या आपल्या आजीने हे ऐकलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पुढे १९८५ मध्ये बॉस्टनच्या डॉ. रिचर्ड फर्बर यांनी मूल जागं असतानाच बिछान्यावर ठेवावं, रडलं तर थोड्या थोड्या वाढत्या अंतराने डोकावून यावं, अशी पद्धत मांडली. तिचा बराच गाजावाजा झाला. पण २००६ च्या सुधारित आवृत्तीत आईबापांजवळ झोपण्याबद्दलचा त्यांचा सूर पुष्कळ मवाळ झाला.

आपल्याकडे मूल आईच्या नाहीतर आजीच्या कुशीत झोपतं. भारतासह १७ देश-प्रदेशांतल्या, तीन वर्षांपर्यंतच्या २९ हजारांहून अधिक मुलांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. आशियातली मुलं उशिरा झोपतात, एकूण कमी झोपतात आणि बहुतेक आईवडिलांच्याच खोलीत असतात, असं तिच्यात दिसलं. त्याआधीच्या वर्षी ४०५ आया आणि त्यांच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. रोज रात्री त्याच क्रमाने आंघोळ, अंगाला हात फिरवणं, थोडा शांत वेळ आणि मग दिवा बंद. काही आठवड्यांतच मुलं लवकर झोपू लागली, रात्रीचं उठणंही कमी झालं. या प्रयोगाचा खर्च बेबी साबण-लोशन विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने केला होता, तेव्हा बाटलीला फार श्रेय देऊ नये. क्रम मोलाचा.

गोव्यात असा क्रम होता, पण तो दुपारी. एक वाजला की मडगाव-म्हापशाची दुकानं बंद, शीतकढीचं म्हणजे भात-कालवणाचं जेवण, दारं लोटलेली. घरच निजायचं, त्यात मूलही निजायचं. त्याला वेगळं झोपवावं लागत नसे. दोघांच्याही नोकऱ्या आल्या, मूल पाळणाघरात जाऊ लागलं आणि ही दुपार विस्कटली. संध्याकाळी पाचला गाडीत किंवा आजीच्या मांडीवर डोळा लागतो, सात वाजता मूल टवटवीत उठतं आणि अकरापर्यंत घरभर धावतं. त्याचं कारण झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात सापडतं. जागेपणी झोपेची ओढ साठत जाते आणि शरीराचं घड्याळ तिला वेळ ठरवून देतं. उशिराच्या डुलकीने ती साठवण रिकामी होते. मग रात्री कितीही थोपटा.

जागरण आपल्याला नवं नाही. जत्रेला रात्री उशिरा सुरू होणारं नाटक किंवा पहाटेपर्यंत चालणारा दशावतारी काला, आणि मंडपात शालीत गुंडाळलेली, ढोलकीच्या तालातही गाढ झोपलेली पोरं. माझ्या मते त्याने कुणाचं काही बिघडलं नाही; जत्रा वर्षातून एकदा येते. मोबाइल रोज असतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१८ मधल्या एका अभ्यासात, झोपेआधी तासभर प्रखर उजेड मिळाल्यावर तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या शरीरातलं झोप आणणारं मेलाटोनिन सरासरी ८८ टक्के घटलं. मुलं दहाच होती, म्हणून आकडा जपून वापरावा. पण दिशा स्पष्ट आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

म्हणून रात्रीची ओढाताण सुरू करण्याआधी दुपार तपासावी. पाळणाघरात नाव घालताना फी आणि खाण्याबरोबर आणखी एक विचारून घ्यावं: मुलांना किती वाजता निजवता आणि तीनच्या सुमारास उठवता का?