जुनी पोर्ट आणि बाटली भरण्याचा नियम : पार्श्वभूमी

१९६३, १९६६, १९७०, १९७७. जुन्या व्हिंटेज पोर्टची (एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची, स्पिरिट मिसळून बनवलेली आणि बाटलीत मुरवायची पोर्तुगीज गोड वाईन) बैठक जमली की या चारपैकी निदान दोन वर्षे टेबलावर असतातच. कधी एकाच वर्षाच्या वेगवेगळ्या घराण्यांच्या, म्हणजे पोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांच्या, बाटल्या रांगेने मांडतात, कधी एकाच घराण्याची निरनिराळी वर्षे. दोन्ही प्रकारांत एक वाद हमखास निघतो. घराणे तेच, वर्ष तेच, मग या दोन बाटल्यांच्या चवीत इतका फरक कसा? एक अजून गडद लाल, तुरटपणा शाबूत असलेली. दुसरी विटकरी रंगावर आलेली, मऊ, आणि घोट संपताना स्पिरिटचा चटका देणारी. या वादाचे मूळ शोधत गेले तर १९७० च्या दशकाच्या मध्यात झालेल्या एका निर्णयापाशी येऊन थांबावे लागते. तोपर्यंत व्हिंटेज पोर्ट पिंपातून परदेशी नेऊन तिथे बाटलीत भरता येत असे. त्यानंतर ती पोर्तुगालमध्येच भरणे सक्तीचे झाले. (गोव्यात ‘पोर्ट वाईन’ या नावाने मिळणारी गोड लाल वाईन हा वेगळा विषय आहे. इथे फक्त दोरू नदीच्या खोऱ्यातल्या पोर्टबद्दल लिहितो आहे.)

जुना इतिहास बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. १७०३ च्या करारामुळे इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाईनवरचा कर फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांशाने कमी झाला. १७५६ पासून दोरू खोऱ्याच्या सीमा आखल्या गेल्या आणि पुढच्या काही वर्षांत त्यांवर ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले. अठराव्या शतकात बाटलीचा आकार बुटका आणि फुगीर होता तो हळूहळू सरळ, उभट झाला. बाटली आडवी ठेवता येऊ लागली, बूच ओले राहू लागले आणि पोर्ट वर्षानुवर्षे तळघरात मुरवणे शक्य झाले. पहिली व्हिंटेज पोर्ट म्हणून १७७५ चे नाव घेतले जाते. पुढची दोनशे वर्षे व्यवहाराची चौकट फारशी बदलली नाही. द्राक्षे दोरूच्या उतारांवर पिकायची, पोर्ट नदीच्या मुखाशी, पोर्तो शहरासमोरच्या काठावर असलेल्या व्हिला नोव्हा द गाया इथल्या गोदामांत ठेवली जायची (म्हणून गायात भरलेल्या बाटलीला ‘पोर्तोला भरलेली’ही म्हणतात), आणि तिथून पिंपे जहाजाने ब्रिटनला जायची.

हे पिंप म्हणजे साधारण साडेपाचशे लिटरचे भांडे. त्यातून सातशेच्या वर बाटल्या भरतात. लंडन, ब्रिस्टल, लीथ, डब्लिन इथले वाईन व्यापारी तोडणीनंतर दोनेक वर्षांनी पिंपे मागवत आणि आपल्या तळघरात बाटल्या भरत. बाटली त्यांची, बूच त्यांनी निवडलेले, भरण्याचा दिवसही त्यांनी ठरवलेला. काही व्यापारी याबाबत फार काटेकोर होते आणि त्यांनी भरलेल्या बाटल्या आजही विश्वासाने घेतल्या जातात. पण सगळेच तसे नव्हते. कोणाचे बूच आखूड, कोणाचे पिंप उघडल्यावर भरायला उशीर, कोणाच्या बाटलीवर व्यापाऱ्याचे नाव मोठे आणि पोर्ट बनवणाऱ्या घराण्याचे बारीक. तळघर दमट असले की कागदी लेबल टिकत नाही, म्हणून पुष्कळ बाटल्यांना ते लावलेच जात नसे. वरची बाजू कळावी म्हणून काचेवर चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा एक फराटा मारायचा आणि बाटली आडवी करून ठेवायची. बाटली हलवावी लागलीच तर फराटा पुन्हा वर येईल अशी ठेवायची, म्हणजे गाळ आपल्या जागी बसतो.

चाखून ओळखण्याची सवय याच व्यापारातून आली. पोर्तोमध्ये ब्रिटिश निर्यातदारांनी १७९० मध्ये पूर्ण केलेल्या ग्रॅनाइटच्या इमारतीत दर बुधवारी दुपारचे जेवण असते. जेवण एका दालनात होते. पोर्टची वेळ झाली की मंडळी आपापला नॅपकिन घेऊन शेजारच्या तशाच दालनात जाऊन बसतात, कारण तिथे अन्नाचा वास पोचत नाही. व्हिंटेज पोर्ट गाळून काचेच्या सुरईत येते, नाव न सांगता. मग प्रत्येकाने वर्ष आणि घराणे ओळखायचे. हौशी गटांत आज जी झाकून चाखण्याची पद्धत आहे ती बऱ्याच अंशी तिथलीच. फरक इतकाच की तिथे बसणारे लोक स्वतः पोर्ट बनवणारे आणि विकणारे होते, आणि बाटली कुठल्या तळघरातून आली हे यजमानाला पक्के ठाऊक असे.

बाहेरच्या हौशी माणसाच्या हातात जुन्या बाटल्या मोठ्या संख्येने आल्या त्या १९६६ नंतर. त्या वर्षी लंडनच्या एका लिलावघराने वाईनचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि जुन्या घरांच्या तळघरांतले साठे बाजारात येऊ लागले. १९२७, १९३५, १९४५ अशी वर्षे विकत घेता येऊ लागली. एक बाटली एकट्याने संपवण्याची ही गोष्ट नाही. गाळ वगळला तर बारा-तेरा जणांना प्रत्येकी पन्नासेक मिलिलिटर मिळते आणि तुलनेसाठी तेवढे पुरते. खर्च वाटून घ्यायचा, प्रत्येकाने एक बाटली आणायची, अशी पद्धत त्यातून रुळली. पण लिलावातल्या बाटल्यांबरोबर त्यांचा अर्धवट इतिहासही आला. कोणी भरली, केव्हा भरली, मधली चाळीस वर्षे ती कुठे होती, यातले निम्मे प्रश्न अनुत्तरित राहू लागले.

पिंपे परदेशी नेऊन भरण्याच्या प्रथेला अपवाद होता १९४५ चा. युद्धामुळे पिंपे ब्रिटनला पाठवणे अवघड झाले होते, म्हणून त्या वर्षाची बरीचशी व्हिंटेज पोर्ट गाया इथेच बाटलीत भरली गेली. म्हणजे सक्तीचा नियम येण्याच्या तीस वर्षे आधीच त्याचा मोठा प्रयोग होऊन गेला होता, आणि तो एका असामान्य वर्षावर झाला. १९४५ च्या चांगल्या बाटल्या आजही ताकद टिकवून आहेत. त्याचे श्रेय अर्थातच आधी त्या हंगामाला जाते, पण पोर्तुगालमध्ये भरलेली व्हिंटेज पोर्ट टिकणार नाही, ही शंका तेव्हाच संपायला हवी होती. ती संपली नाही. युद्ध सरल्यावर व्यापार पुन्हा पिंपांकडे वळला आणि १९५५, १९६०, १९६३, १९६६, १९७० या वर्षांची पोर्ट दोन्ही ठिकाणी भरली गेली.

मग निर्णय आला. पोर्तुगालची बाजू सरळ होती. घराण्याचे नाव ज्या बाटलीवर आहे तिची जबाबदारी घराण्यावर असली पाहिजे, आणि पिंप समुद्रापार गेल्यावर ती जबाबदारी कोणाचीच राहत नाही. भेसळीला, मिसळीला वाव राहतो. शिवाय बाटल्या, बुचे, मजुरी यांचा पैसा देशात राहतो. ब्रिटिश व्यापाऱ्यांची बाजूही पोकळ नव्हती. त्यांच्याकडे पिढ्यांचा अनुभव होता, थंड आणि स्थिर तापमानाची तळघरे होती. गाया इथल्या गोदामांत एकाच हंगामात हजारो बाटल्या घाईने भराव्या लागतील, तितके कुशल हात आणि तितकी यंत्रे तिथे नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. छोट्या व्यापाऱ्यांचे नुकसान तर उघड होते. पिंप घेऊन आपल्या नावाने बाटल्या भरणे हा त्यांच्या ओळखीचा भाग होता, आणि तो एका फटक्यात गेला.

माझ्या मते निर्णय बरोबर होता आणि तो आधीच व्हायला हवा होता. ब्रिटनमध्ये भरलेल्या जुन्या बाटल्या सरस असतात असे म्हणणारे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात, बाटली भरणाऱ्याचे कौशल्य आणि नंतरची साठवण. ब्रिस्टलला भरलेली आणि चाळीस वर्षे तिथल्याच गार तळघरात न हललेली १९६३ सुंदर लागते, यात नवल नाही. गाया इथे भरून, चार मालक आणि दोन खंड फिरून आलेली १९६३ तिच्यापुढे उणी ठरते, यातही नाही. खरी तुलना करायची तर गायातल्या घराण्याच्या स्वतःच्या साठ्यातून थेट आलेली बाटली समोर हवी. अशा बाटल्या जेव्हा टेबलावर येतात तेव्हा ‘पोर्तोला भरलेली म्हणजे कच्ची’ हा समज टिकत नाही.

नियमाचे दुर्दैव असे की त्याची पहिली मोठी परीक्षा चुकीच्या वर्षी झाली. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये सत्ता उलटली. पुढचे दीड वर्ष अस्थिर गेले, बँका सरकारच्या ताब्यात गेल्या, आणि घराण्यांना आपलेही तेच होणार अशी भीती वाटू लागली. १९७५ ची द्राक्षे अशा वातावरणात तोडली गेली. सगळी व्हिंटेज पोर्तुगालमध्येच भरलेले, मोठ्या प्रमाणावर जाहीर झालेले, म्हणजे या हंगामाची व्हिंटेज पोर्ट काढतो असे पुष्कळ घराण्यांनी घोषित केलेले, हे पहिले वर्ष. वाईन हलकी निघाली, लवकर पिकली. टीका करणाऱ्यांना आयते कारण मिळाले, पण त्यात बाटली भरणाऱ्यांचा दोष नव्हता. तो हंगामच बेताचा होता आणि वर्ष जाहीर करण्यामागे पैशाची निकड होती, असे पुष्कळांचे मत आहे. दोनच वर्षांनी १९७७ आले तेव्हा चित्र बदलले. गडद, घट्ट, दीर्घ काळ टिकणारी पोर्ट, आणि सगळी पोर्तुगालमध्ये भरलेली. तरी काही मोठ्या घराण्यांनी ते वर्ष जाहीरच केले नाही, त्यामुळे १९७७ च्या रांगेत आजही ठळक गाळलेल्या जागा दिसतात.

दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून पाहण्याची शेवटची मोठी संधी म्हणजे १९७०. त्या वर्षाची अशी जोडी मांडली की आधी बाटल्या वाचाव्या लागतात. एकीवर पोर्तोचा छाप आणि छापील लेबल असते. दुसरीवर काही नसते, फक्त पांढरा फराटा आणि बुचावरचे झाकण, ज्यावर व्यापाऱ्याचे नाव उठवलेले असते किंवा गंजून गेलेले असते. पोर्ट गळ्यात कुठवर आहे ते बघायचे. खांद्याच्या खाली उतरली असेल तर अपेक्षा कमी ठेवायची. मग बूच. पन्नास वर्षांचे बूच मधोमध तुटतेच. तुकडे हलक्या हाताने काढून टेबलावर जुळवायचे आणि भिंगाखाली बाजूने वाचायचे, कारण घराण्याचे नाव आणि वर्ष तिथेच छापलेले असते. लेबल नसलेल्या बाटलीचा एवढाच विश्वासार्ह पुरावा. बूच इतके कुजले असेल की ओढता येत नाही, तर सांडशी लाल होईपर्यंत तापवून मानेभोवती धरायची, मग ओल्या फडक्याने तीच जागा पुसायची. मान बुचासकट स्वच्छ तुटते. पुढे मलमलीतून सावकाश गाळायचे. गाळाचा पहिला काळा धागा गळ्याशी आला की हात थांबवायचा.

जुन्या वर्षांची तुलना करताना आणखी एक बदल लक्षात घ्यावा लागतो, आणि त्याकडे बैठकींत फार कमी लक्ष जाते. १९६० च्या दशकात दोरू खोऱ्यातले तरुण मोठ्या संख्येने फ्रान्सला कामाला गेले, काहींना आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धावर जावे लागले. ग्रॅनाइटच्या हौदांत द्राक्षे पायांनी तुडवायला माणसे मिळेनात. पुष्कळ मळ्यांवर तेव्हा वीजही नव्हती. त्यामुळे आंबताना निघणाऱ्या वायूच्या दाबावर रस आपोआप उसळवून सालींवर फिरवणाऱ्या टाक्या आल्या. १९६३ बहुतांशी पायांनी तुडवलेली. १९७७ येईपर्यंत टाक्यांचा वाटा बराच वाढला होता. म्हणून १९६३ आणि १९७७ मधला फरक ‘भरली कुठे’ एवढ्यावर लादणे अन्यायाचे आहे. नदीवर धरणे झाली, पिंपे उतरवणाऱ्या होड्या बंद पडल्या, ट्रक आले, हेही त्याच सुमाराचे.

नंतरच्या घडामोडी वेगाने आल्या. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि त्याच वर्षी गायामधूनच निर्यात करण्याची अट सुटली. दोरूतल्या मळेवाल्याला आपल्या मळ्यावर भरलेली पोर्ट थेट परदेशी पाठवता येऊ लागली. एकाच मळ्याच्या व्हिंटेज पोर्टची संख्या वाढली आणि बैठकींत नवी नावे दिसू लागली. १९९१ आणि १९९२ मध्ये घराण्यांत सरळ फूट पडली. काहींनी पहिले वर्ष जाहीर केले, काहींनी दुसरे, आणि एकाच वर्षाच्या तुलनेची रांगच तुटली. १९९४ ला पुन्हा सगळे एकत्र आले. लागोपाठ दोन वर्षे जाहीर करायची नाहीत हा संकेतही २०१६ आणि २०१७ ला मोडला. दुसरीकडे लाकडात मुरलेल्या जुन्या टॉनी पोर्टकडे ओढा वाढला, आणि २०२२ मध्ये पन्नास वर्षांची आणि ऐंशीहून जुनी असे दोन नवे प्रकार अधिकृत झाले. टॉनी बाटलीत भरली की तिची वाढ जवळपास थांबते, त्यामुळे तिथे बाटली कोणी भरली हा वाद उरत नाही.

व्हिंटेजच्या बाबतीत तो उरला आहे आणि काही वर्षे राहील. लिलावाच्या यादीत आता बाटली पोर्तोला भरली की ब्रिटनमध्ये, आणि कोणी भरली, हे वेगळे छापतात, माहीत असेल तर. नीट टिपणे ठेवणारे गट घराणे आणि वर्ष यांच्या पुढे तिसरा रकाना त्यासाठी ठेवतात, आणि चौथा शेवटच्या मालकाच्या तळघरासाठी. १९७० च्या दोन्हीकडे भरलेल्या बाटल्या अजून मिळतात. १९६३ च्या अशा जोड्या मात्र दरवर्षी कमी होत आहेत, आणि ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी त्या एकेकट्या न उघडता एकाच संध्याकाळी, झाकून, शेजारी शेजारी उघडाव्यात.