पडेन की काय, दुखेल की काय: हालचालीचा धसका घेतलेल्या ज्येष्ठांसाठी समूह व्यायाम

हे माहितीपत्रक वर्गात येणाऱ्या ज्येष्ठांसाठी आहे, तसंच त्यांना सोडायला येणाऱ्या घरच्यांसाठीही. नाव नोंदवण्याआधी वाचून घ्या आणि शंका असतील त्या पहिल्याच दिवशी विचारा.

भीती साधारण दोन तऱ्हेची असते. एक पडण्याची: बाथरूममध्ये पाय सरकेल, जिन्यात तोल जाईल. दुसरी दुखण्याची: वाकलं तर कंबर धरेल, पायरी चढली तर गुडघा कायमचा जाईल. पुष्कळांना दोन्ही असतात. भीती वाटली की माणूस हालचाल कमी करतो. काही आठवड्यांत मांड्यांची ताकद उतरते, घोटे आखडतात, आणि मग खरोखरच तोल जाऊ लागतो. चालण्याची ढबही बदलते: गुडघे ताठ, पावलं आखूड, नजर सतत पायाशी. नजर खाली गेली की डोकं पुढे झुकतं आणि दोन पावलांवरचा अडथळा दिसत नाही. घोटे आवळून धरले की तोल सावरायला लागणाऱ्या बारीक हालचाली थांबतात. जपून चालण्याच्या नादात पडण्याचा धोका वाढतो तो असा.

ही भीती समजुतीने फारशी हटत नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार ‘मला हे जमेल’ हा भरवसा सर्वांत जास्त येतो तो स्वतः करून पाहिल्याने. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहिल्याने. समूहात व्यायाम घेण्याचं मुख्य कारण हेच. तिशीतल्या शिक्षकाने एका पायावर उभं राहून दाखवलं तर त्याचा काही उपयोग नाही. गुडघ्याला पट्टा लावलेल्या शेजारच्या काकूंनी दाखवलं तर आहे.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी व्यायाम नसतो, मोजमाप असतं. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घेतो. मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घेतो. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर आधी डॉक्टरांकडे जाऊन औषधं तपासून घ्यायची. अशा वेळी येणारी चक्कर व्यायामाने जाणार नसते.

त्यानंतर तीन चाचण्या. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीतून हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं, ही पहिली. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, ही दुसरी; तिला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. तिसरी तोलाची: पावलं जोडून, मग एक पाऊल थोडं पुढे, मग एकामागे एक रेषेत, शेवटी एका पायावर, प्रत्येकी १० सेकंद. जिथे जमत नाही तिथे थांबायचं.

शेवटी एक कागद भरायचा. कोणत्या हालचालींची भीती वाटते त्यांची यादी करून प्रत्येकीपुढे ० ते १० असा आकडा लिहायचा. हा कागद आमच्या दृष्टीने बाकी सगळ्या मोजमापांपेक्षा महत्त्वाचा. सुरुवात ३-४ आकड्याच्या हालचालीपासून होते. ९-१० वाल्या हालचालींना पहिला महिनाभर हात लावत नाही, मग घरच्यांनी कितीही घाई केली तरी.

वर्ग कसा चालतो

एका गटात जास्तीत जास्त आठ जण, एक शिक्षक आणि एक मदतनीस. यापेक्षा जास्त माणसं झाली की मागच्या रांगेतल्याचा श्वास अडकलाय हे दिसत नाही. खुर्च्या चाकं नसलेल्या, भिंतीला टेकवलेल्या. वर्ग ५० मिनिटांचा: दहा मिनिटं बसून सांधे मोकळे करणं, मग ताकद, मग तोल, थोडं चालणं आणि शेवटी श्वास खाली आणणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी ताकद आणि तोल या दोन्हींवर भर देणारा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सुचवला आहे. म्हणून दोन दिवस वर्ग आणि एक दिवस घरी, असं वेळापत्रक ठेवलं आहे.

जोर किती लावायचा? बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका.

सगळ्यांत जास्त वेळ खुर्चीतून उठण्याला जातो. पुढच्या कडेला सरकून बसा. पावलं खुब्याइतकी रुंद, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. आता पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि श्वास सोडत उठा. भीती असलेला माणूस नेमका इथे चुकतो. पुढे झुकलो तर तोंडावर पडू या भीतीने तो पाठ मागे ठेवतो, वजन खुर्चीतच राहतं, धपकन परत बसतो आणि म्हणतो, ‘पायात जोरच नाही.’ जोर बहुधा असतो, वजन चुकीच्या जागी असतं. उपाय म्हणून पुढ्यात टेबल ठेवतो आणि तळहात टेबलावर पुढे सरकवत झुकायला लावतो. तरीही जमलं नाही तर घट्ट उशी घालून बैठक ५ ते ८ सेंटिमीटर उंच करतो. बसताना चार आकडे मोजत सावकाश बसायचं; ताकदीचं निम्मं काम या उतरण्यात होतं. आकडे मोठ्याने मोजायचे, कारण मोजताना श्वास रोखता येत नाही, आणि श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

पाच-पाच वेळा दोन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. सलग दोन वर्गांत सहज जमलं तर प्रत्येक फेरीत एक वाढवायचा.

ठरलेला आकडा का पाळायचा

आज सहा ठरले असतील तर सहाच. बरं वाटतंय म्हणून बारा नाहीत, आणि मन नाही म्हणून दोनवर थांबणं नाही. दुखेपर्यंत करत राहिलं की प्रत्येक व्यायामाचा शेवट दुखण्यात होतो आणि तेच मनात ठसतं. चांगल्या दिवशी दुप्पट केलं की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात आणि भीतीला पुरावा मिळतो. म्हणून जे आरामात जमतं त्याच्या तीन-चतुर्थांश आकड्यापासून सुरुवात करतो. चारच्या जागी तीन वेळा करून बसताना काहींना कमीपणा वाटतो, वाटू द्या.

व्यायाम करताना दुखणं ० ते १० मध्ये ३-४ पर्यंत असेल तर चालू ठेवायचं. पाच किंवा वर गेलं तर हालचाल लहान करायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी आकडा कमी. दोन्ही मांड्या एक-दोन दिवसांनी दाबल्यावर दुखत असतील तर ते स्नायूंचं अंग दुखणं आहे, तीनेक दिवसांत जातं. एकच सांधा सुजला, लाल झाला, गरम लागला तर तो व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

आधार कसा सोडवतो

तोलाचे व्यायाम खुर्चीची पाठ धरून सुरू होतात. आधी दोन्ही हात, मग एक हात, मग दोन बोटं, मग एका बोटाचा नुसता स्पर्श, शेवटी हात खुर्चीच्या वर चार बोटं अधांतरी. बोटाचा स्पर्श इतका हलका असला की त्याने वजन पेलणं शक्यच नाही, तरी शरीराचं डुलणं कमी होतं, कारण आपण कुठे आहोत याची खबर त्या बोटातून मेंदूला मिळत राहते. स्पर्श हलका आहे की छुपा आधार आहे हे ओळखायला आम्ही बोटाखाली कागदाची पट्टी ठेवतो. पट्टी सहज ओढता आली तर पुढची पायरी. कागद फाटला किंवा नखाखालचा भाग पांढरा पडला असेल तर अजून आठवडाभर तिथेच.

जमिनीवरून उठणं सहा-आठ आठवड्यांनी शिकवतो. ‘पडलो तर उठता येणार नाही’ हीच अनेकांची खरी भीती असते. कुशीवर वळायचं, कोपरावर आणि हातावर रेटून दोन्ही हात आणि दोन्ही गुडघ्यांवर यायचं, खुर्चीपर्यंत रांगायचं, बैठकीवर हात ठेवायचे, ताकदीचा पाय पुढे घेऊन पाऊल टेकवायचं, मग उठायचं आणि वळून बसायचं. गुडघा बदललेल्यांनी हे आधी आपल्या सर्जनला विचारून घ्यावं. वर्गात कुणी पडलंच, तर आम्ही लगेच उचलत नाही. आधी कुठे लागलं, डोकं आपटलं का, पाय हलतो का ते पाहतो. नातेवाइकांनीही काखेत हात घालून ओढू नये. खांद्याला इजा होते.

येताना

बंद टाचेचे, पातळ आणि टणक तळाचे बूट घाला. नुसते मोजे नकोत. दूरचं-जवळचं एकाच काचेत असलेल्या चष्म्यातून जमीन धूसर दिसते, म्हणून दूरचा वेगळा चष्मा असेल तर तो आणा. कानाचं यंत्र लावून या. काठीची मूठ मनगटाच्या घडीइतकी उंच हवी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हाडं ठिसूळ असतील किंवा मणका दबला असेल तर आधी सांगा. खोल वाकणं आणि पीळ देणं आम्ही वगळतो. ताप असेल, नुकतेच पडला असाल किंवा एकच पोटरी सुजून दुखत असेल तर वर्गाला येऊ नका, डॉक्टरांकडे जा. छातीत दाब, एका बाजूला कमजोरी, बोलताना जीभ अडखळणं, नेहमीपेक्षा वेगळा दम, यांतलं काहीही झालं तर वर्ग थांबवून तातडीची मदत बोलावली जाते.

घरच्यांना एक विनंती. माणूस पाऊल उचलत असताना ‘जपून’, ‘पडशील’ असं म्हणू नका. लक्ष पावलावरून भीतीकडे जातं. सूचना द्यायची तर आधी द्या आणि काय करायचं ते सांगा: ‘समोर बघा, कठडा धरा.’ सोबत चालताना किंचित मागे आणि कमजोर बाजूला राहा.

दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर जुना आकडा विसरा. निम्म्यावरून सुरू करा. आधीची मजल बहुतेकांना लवकरच पुन्हा गाठता येते.