कंपनी बदलली की नो क्लेम बोनस जातो? खुलासा

एक मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय, की गाडीच्या इन्शुरन्सची कंपनी बदलली की साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्य होतो. प्रीमियम वाढला तरी लोक त्याच कंपनीत अडकून राहतात ते यामुळेच, आणि भीती वाटणं साहजिकच आहे, पैशाचा मामला आहे.

पण खरं असं की हा बोनस गाडीचाही नाही आणि कंपनीचाही नाही, तो तुमचा, म्हणजे पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याचा. क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50, तो नव्या कंपनीत तसाच चालतो. फक्त तो ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागावर नाही, म्हणजे ओन डॅमेज 8000 असेल तर 50 टक्क्यांनी 4000 वाचतात, सगळं बिल काही अर्धं होत नाही.

स्वतः बघायचं तर जुनी पॉलिसी काढा, प्रीमियमच्या तक्त्यात एनसीबीची, म्हणजे नो क्लेम बोनसची ओळ असते. तिथे 35 असेल आणि यंदा क्लेम नसेल तर नव्या कोटेशनमध्ये 45 दिसायला हवेत. क्लेम केला असेल तर मात्र लपवू नका, नवी कंपनी जुनीकडून खात्री करून घेते आणि खोटं निघालं तर ऐन अपघाताच्या वेळी क्लेम अडकतो.

बोनस खरंच जातो तो पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की, त्यामुळे कंपनी खुशाल बदला पण तारीख चुकवू नका.