उशिरा शाळेत घातलेले मूल खरोखर पुढे राहते का?

प्रवेशाचे वय झालेले असूनही मुलाला किंडरगार्टनमध्ये (पहिलीच्या आधीच्या वर्गात) न घालता वर्षभर थांबवण्याच्या प्रथेला अमेरिकेत ‘रेडशर्टिंग’ म्हणतात. असे मूल वर्गात पुढे दिसते, हे खरेच आहे. पण ते उशिरा आल्यामुळे पुढे असते, की वयाने मोठे असल्यामुळे?

तेथील बऱ्याच राज्यांत १ सप्टेंबरपर्यंत ५ वर्षे पूर्ण करणाऱ्यास प्रवेश मिळतो. त्यामुळे नुकतेच पाचवे सरलेले, डब्याचे झाकण बाईंकडून उघडून घेणारे मूल आणि सहाव्या वाढदिवसाला टेकलेले मूल शेजारी बसतात. जन्ममहिन्याचा हा फरक पत्रिकेतल्या ग्रहांमुळे पडत नाही; नॉर्वेत प्रवेशाची सीमारेषा १ जानेवारी आहे, म्हणून तेथे वर्गातली मोठी मुले जानेवारीतली असतात.

आता गणित पाहा. परीक्षेच्या दिवशीचे वय म्हणजे प्रवेशाचे वय अधिक शाळेत काढलेली वर्षे. एकाच वर्गातल्या मुलांची शाळेतली वर्षे सारखीच असल्याने, लाखभर मुले तपासली तरी पहिल्या दोन वयांचे परिणाम वेगळे काढता येत नाहीत. नॉर्वेत मात्र लष्करभरतीसाठी मुलांची बुद्धिमापन चाचणी इयत्तेनुसार नव्हे, तर वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास होते. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला जन्मलेल्यांच्या वयात एका दिवसाचा फरक असतो, शाळाप्रवेशात मात्र वर्षाचा. ही तुलना जन्मतारखा खऱ्या असतील तरच टिकते. गुरुजींनी सरसकट १ जून लावलेल्या आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर ती करता आली नसती. सँड्रा ब्लॅक, पॉल डेव्हरो व शेल साल्वानेस या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये दाखवले की चाचणीच्या वेळचे वय गुणांवर मोठा परिणाम करते, उशिरा प्रवेशाचा मात्र काहीच लाभ होत नाही. उलट लवकर गेलेले किंचित सरस ठरतात.

वर्तनाचे चित्र निराळे आहे. डेन्मार्कमध्ये थॉमस डी व हान्स हेन्रिक सीव्हर्टसन या संशोधकांना, वर्षभर उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलांची चंचलता सातव्या वर्षी ०.७ प्रमाण विचलनाने (मुलामुलांमधल्या नेहमीच्या चढउताराच्या मापाने) कमी आढळली, आणि हा फरक अकराव्या वर्षापर्यंत टिकला. याला मी किरकोळ लाभ म्हणणार नाही. मात्र चंचलता ठरवताना मोठ्यांच्या नजरेसमोर वर्गातली इतर मुले असतात, हेही विसरता येत नाही. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, १ सप्टेंबरची सीमारेषा असलेल्या राज्यांत, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचे (अवधान टिकत नसण्याच्या व अतिचंचलतेच्या विकाराचे) निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी अधिक आढळले. जेथे ही सीमारेषा नाही, तेथे असा फरक दिसला नाही.