शालेय शिस्त व शिक्षा (उच्च प्राथमिक स्तर, महाराष्ट्र)

शाळेत येण्याची वेळ, गणवेश, अभ्यास आणि वागणे यांबाबत शाळेने घातलेले नियम आणि ते मोडल्यावर विद्यार्थ्याला भोगावे लागणारे परिणाम, यांना मिळून शालेय शिस्त म्हटले जाते. ही नोंद महाराष्ट्रातील सहावी ते आठवीच्या, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती आहे. १ एप्रिल २०१० पासून या मुलांना मारणे आणि शाळेतून काढून टाकणे या दोन्ही गोष्टी शिक्षण हक्क कायद्याने बंद झाल्या. तोवर छडी आणि दाखला ही शाळेच्या हातातली दोन हुकमी हत्यारे होती. ती गेल्यावर शिस्तीचा कारभार बराचसा कागदावर आला: दैनंदिनीतला शेरा, पालकाची सही, हमीपत्र, अर्ज. छडी पूर्ण गेली असे मात्र नाही, आणि दाखलाही वेगळ्या वाटेने हातात पडतोच.

शाळेची रचना

या तीन इयत्तांना महाराष्ट्रात स्वतःची अशी इमारत क्वचितच असते. जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीला, कुठे पाचवीला, कुठे सातवीला संपते. संस्थांची हायस्कुले बहुधा पाचवीपासून, काही आठवीपासून सुरू होतात. त्यामुळे गावच्या दोन-चार शिक्षकी शाळेत सगळ्यांना नावाने ओळखणारे मूल एके दिवशी घंटा, तासिका, विषयागणिक बदलणारे शिक्षक आणि साठ-सत्तर डोक्यांचा वर्ग असलेल्या जागी येते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत उच्च प्राथमिकसाठी दर पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण दिले आहे. ते तुकडीत उभे राहून मोजावे. शिस्तीच्या तक्रारींतला मोठा वाटा या गर्दीचा आहे, आणि नियमावलीत त्याचा उल्लेख कुठेच नसतो.

हायस्कुलात शिस्तीची उतरंड ठरलेली असते. तळाशी वर्गाचा मॉनिटर, वर वर्गशिक्षक, मग पर्यवेक्षक आणि शेवटी मुख्याध्यापक. मोठ्या शाळांत मुख्याध्यापकापेक्षा पर्यवेक्षकांची धास्ती अधिक असते, कारण गेटवर तेच उभे असतात. क्रीडाशिक्षकाची शिट्टी हे आणखी एक सत्तास्थान. मॉनिटरकडे मोकळ्या तासाला खडू येतो. बोलणाऱ्यांची नावे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिणे आणि पुन्हा बोलल्यास नावापुढे फुल्या वाढवणे, हा त्याचा अधिकार कुठल्याही संहितेत नाही, तरी मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. बाराव्या वर्षी मैत्री आणि वैर यांचा हिशेब या फुल्यांतच चुकता होतो.

नियम

नियम बहुतेक शाळांच्या दैनंदिनीत पहिल्या काही पानांवर छापलेले असतात. काही शाळांत या वहीला कॅलेंडर म्हणतात. परिपाठाआधी हजर राहणे, स्वच्छ गणवेश, ओळखपत्र, शनिवारी पीटीचा पोशाख, मुलांचे केस बारीक, मुलींच्या दोन वेण्या आणि रिबिनी, नखे कापलेली, मोबाइल आणू नये, दागिने घालू नयेत, विनापरवानगी गैरहजर राहू नये, शाळेच्या मालमत्तेचे नुकसान केल्यास भरपाई. नियमांची भाषा ठाम असते, परंतु मोडल्यास काय होईल हे सहसा एकाच वाक्यात उरकलेले असते: ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ योग्य म्हणजे काय, ते त्या दिवशी समोर असलेल्या शिक्षकावर ठरते. उशिरा आलेल्या मुलाला एक शिक्षक नुसते आत घेतात, दुसरे राष्ट्रगीत संपेपर्यंत गेटबाहेर ठेवतात, तिसरे मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांच्या परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन आले. दर्जाची व संधीची समानता हे शब्द गेटबाहेर थांबवलेल्या मुलांनाही ऐकू येतात.

गणवेशाच्या नियमांत गरिबीला शिस्तभंग समजण्याची चूक सर्रास होते. बूट नाहीत, पीटीचा पोशाख एकच आणि तो वाळलेला नाही, ही कारणे मूल सगळ्यांसमोर सांगत नाही. ते ‘विसरलो’ म्हणते आणि विसरल्याची शिक्षा घेते.

शिक्षेची नावे

मराठी शाळेची शिक्षांची शब्दसंपत्ती मोठी आहे. हातावर पट्टी, त्यातही उलट्या हातावर, वेताची छडी, ती नसल्यास कुंपणावरची निरगुडीची शिपटी, कान पिळणे, बोटांत पेन्सिल घालून दाबणे, अंगठे धरणे, म्हणजे ओणवे होऊन पायाचे अंगठे पकडून उभे राहणे, कोंबडा, उठाबशा, बाकावर उभे करणे, वर्गाबाहेर काढणे, एकच ओळ शंभर वेळा लिहून आणणे. ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम’ हे सर्वांना पाठ आहे आणि ते हसत म्हटले जाते. पालकही अजून शिक्षकांना ‘चांगला फोडून काढा, सर’ असे सांगून जातात. ही मुभा कायद्यात बसत नाही. पालकाने परवानगी दिली म्हणून मारणे वैध ठरत नाही.

महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल-अत्याचारविषयक पाहणीत शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी शारीरिक शिक्षा भोगल्याचे सांगितले होते. पाहणी तेरा राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत उशिरा आल्याबद्दल शंभर उठाबशा काढायला लावल्यानंतर काही दिवसांनी सहावीतली मुलगी दगावल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला आणि प्रकरण पोलिसांत गेले. छडी हातात न घेता दिलेली शिक्षा म्हणजे मार नव्हे, अशी एक समजूत शिक्षकांच्या खोलीत रुळली आहे. उठाबशा, फेऱ्या, उन्हात उभे करणे हे ‘व्यायाम’ म्हणून खपते. कायदा हा फरक मानत नाही.

सामुदायिक शिक्षा हा वेगळा प्रकार. कोणी शिट्टी वाजवली ते सांगा, नाहीतर सगळा वर्ग उभा. याच वर्गात लोकमान्य टिळकांच्या शाळेतली शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली जाते: मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही. ती बाणेदारपणाची गोष्ट म्हणून १ ऑगस्टच्या भाषणांत बक्षिसे मिळवते, पण २ ऑगस्टला तिचा आधार घेणाऱ्या मुलाला उद्धट म्हटले जाते.

कायदा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा देता येत नाही आणि त्याचा मानसिक छळ करता येत नाही. तसे करणाऱ्यावर त्याच्या सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. खासगी शाळांतल्या शिक्षकांना १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी अधिनियम आणि त्याखालचे १९८१ चे नियम लागू असल्याने चौकशी त्या चौकटीत चालते. याखेरीज २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ आहे. मुलाचा ताबा किंवा जबाबदारी असलेल्या व्यक्तीने त्याच्याशी क्रूरपणे वागल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुलांची देखरेख सोपवलेल्या संस्थेतल्या व्यक्तीने तसे केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड.

‘मानसिक छळ’ म्हणजे काय, हे राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत उलगडले आहे. टोमणे मारणे, नावे ठेवणे, जात, घरची परिस्थिती किंवा आईबापांचा धंदा यांवरून हिणवणे, सगळ्यांसमोर लाज आणणे हे सगळे त्यात येते. बाकावर उभे करणे, दप्तर डोक्यावर धरायला लावणे, कोंबडा, गुडघ्यांवर बसवणे या गोष्टी त्याच सूचनांनी शारीरिक शिक्षेत धरल्या आहेत. कागदावर मानसिक छळाची मनाई काठीवरच्या मनाईइतकीच कडक आहे. प्रत्यक्षात काठी खाली ठेवलेल्या पुष्कळ वर्गांत जीभ वर आली. ‘तुझ्या बापाने कधी शाळा पाहिली होती का?’ या वाक्याचा वळ उठत नाही, त्यामुळे पुरावाही राहत नाही.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रमती खटल्यात दिला. तेव्हा तिथे कलम १७ चा थेट आधार मिळत नाही. बाल न्याय अधिनियम आणि फौजदारी कायदा मात्र लागू राहतात.

गोव्याने ही वाट आधी धरली होती. गोवा बाल अधिनियम, २००३ ने तिथल्या शाळांत शारीरिक शिक्षेला बंदी घातली आणि खटल्यांसाठी पणजीत बाल न्यायालय आले. त्या न्यायालयाने एका प्राथमिक शिक्षिकेला दोन लहान बहिणींना पट्टीने मारल्याबद्दल दोषी ठरवले होते. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा येथील पीठाने तो निकाल रद्द केला आणि चांगल्या सवयी लावण्यासाठी शिक्षकाला थोडी कडक भूमिका घ्यावी लागते, अशा अर्थाचे मत नोंदवले. बंदीचा कायदा आणि न्यायालयाची सहानुभूती अशा दोन टोकांमध्ये शिक्षक उभा आहे. ‘हात लावायचा नाही, मग करायचे काय?’ हा त्याचा प्रश्न कांगावा नाही. पर्यायी उपायांचे प्रशिक्षण सेवांतर्गत वर्गांत एखाद्या व्याख्यानापुरते मिळते आणि समुपदेशक बहुतेक अनुदानित शाळांत नसतोच.

कागदी शिस्त

उरलेले उपाय बहुतांशी लिहिण्याचे आहेत. दैनंदिनीत लाल शाईचा शेरा आणि त्याखाली पालकाची सही, ही पहिली पायरी. सही आईची चालेल की वडिलांचीच हवी, यावर मुलाची रात्र अवलंबून असते. सही स्वतःच ठोकण्याचा शोध सातवीच्या आसपास लागतो आणि त्यातून दुसरा, अधिक गंभीर गुन्हा तयार होतो. दुसरी पायरी पालकांना बोलावणे. ‘पालकांना घेऊन ये, मगच वर्गात बस’ हे वाक्य ज्या घरी दोघेही रोजंदारीवर जातात तिथे एका दिवसाच्या मजुरीला पडते. म्हणून मूल घरी सांगतच नाही, दोन दिवस दप्तर घेऊन बाहेर पडते आणि शाळेत पोचत नाही. तिसरी पायरी हमीपत्र: ‘यापुढे असे वर्तन करणार नाही, केल्यास होणाऱ्या परिणामास मी जबाबदार राहीन.’ मजकूर शिक्षक सांगतात, मूल लिहिते.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून शिक्षकाला प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवाव्या लागतात. त्यांत वागण्याचे बारकावे येतील अशी कल्पना होती. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, आणि एकाच वर्गातली चाळीस मुले ‘इतरांना मदत करतात’ असे निघू लागले.

चार-आठ दिवस घरी बसवणे हा प्रकार शाळा करतात. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ काढून टाकण्यास मनाई करते. काही दिवस घरी बसवण्याबद्दल कायद्यात शब्द नाही. त्या दिवसांची हजेरीपटावरची नोंद साधी गैरहजेरी म्हणून लागते.

दाखला

शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन नापास करण्याची मुभा राज्यांना दिली. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणालाही शाळेतून काढता येणार नाही, ही तरतूद मात्र तशीच राहिली. तरीही मुले जातात. मुख्याध्यापक पालकाला समोर बसवून सांगतात की लेखी काढले तर पुढे कुठेच प्रवेश मिळणार नाही, त्यापेक्षा तुम्हीच अर्ज करा. पालक अर्ज लिहून देतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यात कारणाच्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे येते आणि कायदा कुठेच मोडलेला दिसत नाही. दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आणि त्यासाठी दाखला ताबडतोब देण्याचे बंधन कलम ५ ने मुलाच्या सोयीसाठी घातले; इथे तीच सोय शाळेच्या कामी येते.

तक्रार

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची, त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा आणि त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. मुलांसाठीची १०९८ ही मोफत मदतवाहिनी थेट वापरता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, परंतु विनाअनुदानित शाळांना ती समिती बंधनकारक नाही. लैंगिक स्वरूपाचे कोणतेही वर्तन शिस्तीच्या चौकटीत मिटवता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने त्याची खबर पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि ती न देणे हाही गुन्हा आहे.

प्रत्येक शाळेत तक्रार पेटी लावण्याचा शासन निर्णय २०१७ चा. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सीसीटीव्ही सक्तीचे झाले. पेटी बहुधा मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी असते आणि बऱ्याच शाळांत पहिला कॅमेराही त्याच व्हरांड्यावर रोखलेला असतो.

आठवीनंतर कलम १६ चे संरक्षण संपते. नववीच्या पहिल्या आठवड्यात काही शाळा पालकांकडून नवे हमीपत्र भरून घेतात. दाखल्यावर ‘वर्तणूक’ असाही एक रकाना आहे. आठवीपर्यंत तीन हमीपत्रे दिलेल्या आणि ‘पालकांच्या विनंतीवरून’ गेलेल्या मुलाच्या दाखल्यातही तिथे बहुतेक वेळा एकच शब्द असतो: चांगली.